गजनी, मेमेंटो आणि आमची भावकी

'गजनी' परत बघितला. 2008 ला आमच्या पेठेतली पोरं या पिक्चरवर खुळी झाली होती, निम्म्यांनी हिरोसारखा केसांचा कटही मारला होता. शेवटची मारामारी आजही शिट्टी वसूल करते, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'गजनी' ज्यावरून बेतला तो क्रिस्टोफर नोलनचा 2000 सालचा 'मेमेंटो' बघितला की कळतं, आपण नेमका त्यातला काटा काढून टाकलाय.

'गजनी'त विसरणं हा नुसता अडथळा आहे. दर पंधरा मिनिटांनी पाटी कोरी, तरी हिरो व्हिलनपर्यंत पोचतो. पण शत्रू कोण, याबद्दल आपल्याला क्षणभरही शंका येत नाही. 'मेमेंटो'तला लेनर्डही असाच विसरतो आणि बायकोच्या खुन्याला शोधत स्वतःच्या चिठ्ठ्यांवर आणि गोंदणावर जगतो. आणि शेवटी कळतं (पंचवीस वर्षं झाली राव, स्पॉयलर म्हणून ओरडू नका) की सोबत वावरणाऱ्या टेडीच्या गाडीचा नंबर त्यानं खुन्याचा म्हणून जाणूनबुजून लिहून ठेवलाय. थोड्या वेळानं आपण हे विसरणार आणि या माणसाच्या मागं लागणार, हे ठाऊक असताना. सूड संपला तर उद्या उठून करायचं काय?

आपल्याकडं उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला निघतो तेव्हा भीमसुद्धा मऊ पडलेला असतो. मग द्रौपदी आपले केस हातात धरून कृष्णाला बजावते, तहाची बोलणी करताना दुःशासनानं ओढलेले हे केस ध्यानात ठेव. बाकीचे बहुतेक विसरायला तयार, आणि तिनं आठवण अंगावर बाळगलेली. पण तिला साक्षीला भरसभा होती. लेनर्डला साक्षीदार फक्त लेनर्ड.

1911 मध्ये क्लापारेद नावाच्या जिनिव्हाच्या डॉक्टरनं एक प्रयोग नोंदवला. नवीन काहीच लक्षात न राहणाऱ्या एका बाईशी हात मिळवताना त्यानं बोटांत टाचणी लपवली. पुढच्या वेळी ती हात पुढं करेना. का, ते तिला सांगता येईना. टोचलेलं राहिलं, कुणी टोचलं ते गेलं.

माझ्या मते सूडकथा इथून सुरू व्हायला पाहिजे. राग शाबूत आणि नाव गायब, असा माणूस सगळ्यात धोक्याचा. त्याच्या कानात कुणीही येऊन नाव सांगावं.

आमच्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात याची उदाहरणं बांधाबांधावर मिळतील. आज्यांच्या काळात कुणीतरी बांध कोरला, आज नातवंडं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. नेमकं काय झालं होतं विचारा, दोन्ही घरांत चार-चार गोष्टी निघतील. डूख मात्र ताजा.

मला यावर मराठी पिक्चर बघायचाय. म्हाताऱ्याला विसरण्याचा आजार झालाय, भांडण तो साफ विसरलाय. सकाळी उठून सरळ चुलतभावाच्या सोप्यात जाऊन बसतो आणि चहा मागतो. ते लोकही बिचकत देतात. इकडं पोरगा कसबा बावड्याच्या कोर्टातल्या प्रत्येक तारखेआधी जुना नकाशा पसरून बापाकडनं वैर पाठ करून घेतोय, कारण साक्ष बापाचीच आहे. सूडाचा हिरो हा पोरगा, आणि त्याची स्मृती एकदम ठणठणीत.

कुणी लिहायला घेणार असेल तर साक्षीची तयारी कशी करून घेतात, त्याची माहिती मी देतो. आमच्या भावकीत अनुभवी माणसं आहेत.