कोसाचा तो चार्ट सेव्ह करण्याआधी घरातले हात मोजून पाहा

आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर, आणि खरंतर सगळीकडेच, एक चार्ट फिरून राहिला आहे: "1 हात = दीड फूट, 1 कोस = 3.2 किमी, 1 योजन = 12.8 किमी, पूर्वजांची मापं कायम एकच होती, सेव्ह करा." मामांनी त्यावरून घरच्या जुन्या पत्रांतले कोस किलोमीटरमध्ये करायला घेतले, म्हणून हे लिहून राहिली आहे.

पहिले तर चार्टचा स्वतःशीच मेळ नाही. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात कोष्टक आहे, 24 अंगुळांचा हात, 4 हातांचा दंड, 2000 दंडांचा क्रोश, 4 क्रोशांचं योजन. म्हणजे कोसाला 8000 हात. हात दीड फूट धरला तर 12,000 फूट, म्हणजे 3.66 किमी होतात, मग 3.2 काहून लिहिलं? ते इंग्रजी 2 मैल आहेत बापा! कोष्टकातलं प्रमाण पक्कं आहे, पण त्यातला हात किती लांब हे प्रमाणावरून कळत नाही.

हात दीड फूट म्हणता ना, मी काल टेप घेऊन बसली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बाबांचा हात सव्वाअठरा इंच, आईचा साडेसोळा. पावणेदोन इंचांचा फरक, पण 8000 ने गुणा, एका कोसात 355 मीटरचा फरक पडला आणि तो एकाच घरातला.

"कायम एकच" हे तर सगळ्यात चुकीचं. क्रोश म्हणजे मुळात हाक, हाक जाईल तेवढं अंतर. अकबराच्या काळात कोस ठरवला 5000 इलाही गजांचा, इंग्रजांनी पुढे तो गज 33 इंच धरला, त्या हिशोबानं कोस 4.19 किमी. आता आपलं रामटेक घ्या, नागपूरहून साधारण 50 किमी. चार्टनं साडेपंधरा कोस, अकबरी कोसानं बाराच. पत्रात कोणी "बारा कोस" लिहिलं असेल आणि तुम्ही 3.2 नं गुणलं तर रामटेकच्या 12 किमी अलीकडेच थांबाल.

योजनाचं तेच. आर्यभटानं पृथ्वीचा व्यास 1050 योजनं दिला, सूर्यसिद्धांतात 1600 आहे. पृथ्वी तर तीच.

मग जुनं काहीच कन्व्हर्ट होत नाही असं नाही. मैल, वार ही मापं कायद्यानं बांधलेली, 1959 पासून वार म्हणजे 0.9144 मीटर. नऊवारी म्हणजे 8.23 मीटर, हे बिनधास्त लिहा. नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर जबलपूर 170 मैल कोरलं आहे, त्याचे 273.6 किमी होतात आणि आजच्या रस्त्याशी ते जुळतंय.

तर मामा, पत्रात कोस असेल तिथं कोसच राहू द्या, खोडू नका. शेजारी पेन्सिलनं दोन्ही आकडे लिहा, 3.2 चा आणि 4.19 चा. आणि त्याच माणसाच्या पत्रात रामटेक, काटोल, उमरेड असं ओळखीचं गाव किती कोसांवर म्हटलंय ते शोधा, त्यावरून त्याचा कोस किती मोठा होता ते काढता येईल. रविवारी येते मी, सोबत बसून करू.