आफ्रो केस वाढत नाहीत?

आफ्रो केसांबद्दलचा, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांबद्दलचा, एक मजकूर पुष्कळ जण विचार न करता पुढे ढकलतात. त्यातले दावे थोडक्यात असे: हे केस वाढतच नाहीत, तारेसारखे दणकट असतात, कधी धुतले जात नाहीत, कापायचे तर मशीन फिरवलं की झालं आणि नीटनेटकं दिसायचं तर रसायन लावून सरळ करावेच लागतात. यातलं एकही विधान टिकत नाही. शेवटचं तर घातक आहे.

केस वाढतात. वेग मात्र कमी असतो: महिन्याला सरासरी पाऊण सेंटिमीटर, तर युरोपीय केस सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. लांबी दिसत नाही कारण घट्ट वळणांमुळे केस आखडतो. ताणून धरलेली बट खांद्याला टेकते, सोडली की कानाशी येऊन बसते. शिवाय मुळाशी जेवढा वाढला तेवढाच टोकाला तुटला, तर वर्षभरानंतरही लांबी तेवढीच.

आणि तो तुटतो, कारण तो दणकट नसतोच. आडव्या छेदात हा केस लंबगोल असतो आणि प्रत्येक वळणावर कमजोर. टाळूवरचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, वळणांवरून उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात. अशा केसांत कोरडेपणी बारीक दातांचा कंगवा घालणं म्हणजे ते तोडणंच. केस ओले करून, कंडिशनर लावून, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता सोडवायचा, मग हळूहळू मुळाकडे जायचं. झोपताना साटीनची टोपी घालायची, कारण सुती उशीवर केस घासतात आणि कोरडे पडतात. सतत घट्ट वेण्या घातल्या तर कपाळाच्या कडेचे केस कायमचेही जाऊ शकतात.

धुण्याबद्दल फार बोलायला नको. अशा केसांसाठी अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा शाम्पू करायला सांगतात. आपल्याकडेही बायकांची आठवड्यातून एकदा डोक्यावरून न्हायची रीत होतीच, तिला कुणी अस्वच्छ म्हटलं नाही.

‘मशीन फिरवलं की झालं’ हे वाक्य मला सर्वांत खटकतं, कारण त्यात एक अख्खी कारागिरी पुसली जाते. आफ्रो ओला असताना कापला तर फसगत होते: वाळल्यावर केस आखडतो, आणि एकाच डोक्यावर मागचा वेगळा, माथ्यावरचा वेगळा आखडतो. म्हणून जाणकार कारागीर केस धुऊन, गुंता सोडवून वाळवतो. मग पिक, म्हणजे लांब दातांची फणी, मुळाशी घालून केस उचलतो, फुलवतो, आणि त्यानंतरच कात्रीने बाहेरचा आकार थोडा थोडा छाटतो. मध्येच दोन पावलं मागे सरून चारही बाजूंनी बघतो. डावी बाजू बोटभर जास्त कापली गेली तर पूर्ण गोल बिघडतो. ब्रिटनमध्ये हे कौशल्य २०२१ साली कुठे केशकर्तनाच्या राष्ट्रीय मानकांत सर्वांसाठी आलं. तोवर ते न शिकताच लोक प्रशिक्षित म्हणवले जात होते.

राहिला सरळ करण्याचा मुद्दा. रिलॅक्सर (केस सरळ करणारं रसायन) केसातले बंध तोडतो आणि टाळू भाजू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२२ साली ३३ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्या महिलांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाजित धोका १.६४ टक्के होता, वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही; पण ‘सरळ करावेच लागतात’ म्हणणाऱ्याने एवढं तरी सांगायला हवं.

आणि ‘नीटनेटकं’ कोणाच्या नजरेने? २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनी याच प्रश्नावरून निषेधाला उभ्या राहिल्या. त्यांना आपले नैसर्गिक केस तसेच ठेवायचे होते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला: आफ्रो, वेण्या किंवा जटा आहेत म्हणून शाळेत वा नोकरीत कुणाशी भेदभाव करता येणार नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.