दादरची ट्राम आणि बेल्जियमचा किनारा

बेल्जियमला येणारी आपली बरीच मंडळी ब्रसेल्स आणि ब्रुज बघून परततात. त्यांना कळकळीनं सांगते, एक दिवस जास्तीचा काढा आणि किनाऱ्यावरच्या ट्राममध्ये बसा. फ्रान्सच्या हद्दीजवळच्या दे पानेपासून नेदरलँड्सच्या बाजूच्या क्नोक्केपर्यंत ६७ किलोमीटर, म्हणजे त्या देशाचा जवळपास सगळा किनारा, एकाच ट्रामनं होतो. तोही मीटरगेजवरून! १८८५ मध्ये ओस्टेंड ते निऊपोर्ट हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा ती वाफेवर धावायची.

मी आईला घेऊन गेले होते. ती दादरला वाढलेली. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा ती आठ वर्षांची होती. ओस्टेंडला ट्राममध्ये चढल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

समुद्र सतत दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. किनाऱ्यालगत उंच इमारतींची भिंतच उभी केलीय, आणि मला ते फार खुपलं. पण ओस्टेंड सोडून मिडलकेर्ककडे जाताना, रावरसाइडच्या आसपास, इमारती एकदम संपतात आणि ट्राम बांधावरून थेट समुद्राच्या शेजारून धावते. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या आणि त्यात दोन्ही महायुद्धांतले जर्मन बंकर.

निऊपोर्टला नक्की उतरा. ऑक्टोबर १९१४ मध्ये इथले पाण्याचे दरवाजे भरतीच्या वेळी उघडून बेल्जियननी स्वतःचीच शेतं बुडवली आणि जर्मन सैन्याला अडवलं. ते दरवाजे ट्रामच्या थांब्यापासून चालत जाण्याइतके जवळ आहेत. तिथं उभं राहिल्यावर आई म्हणाली, "आपल्या हातानं शेत बुडवायचं म्हणजे काय असेल गं!"

दुपारी उलट दिशेला, दे हानला. पांढऱ्या, लाल कौलांच्या बुटक्या घरांचं गाव. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये आइनस्टाइन काही महिने इथं राहिले होते. जर्मनीत ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

ही ट्राम पर्यटकांसाठी सजवलेली नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडलं. आमच्या समोर दप्तरं घेतलेली मुलं होती, बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेल्या आजी होत्या. बेल्जियममध्ये एकेकाळी गावोगावी अशा ट्राम होत्या, बहुतेक सगळ्या बंद पडल्या. ही टिकली, कारण लोकांना ती रोज लागते असं मला ठामपणे वाटतं. आपण ट्राम काढल्या तेव्हाही त्या रोज लागत होत्या, हे आई आजही बोलून दाखवते.

टोकापासून टोकापर्यंत सलग जाऊ नका, अडीच तासांत सगळं संपून जातं. दिवसभराचा पास घ्या आणि मनाला येईल तिथं उतरा.

संध्याकाळी ओस्टेंड आलं तरी आई खिडकी सोडेना. "अजून थोडं जाऊ या का?" मी परत बसले. पास दिवसभराचाच होता. इमारती संपल्या आणि तिच्या बाजूच्या काचेत पुन्हा समुद्र आला.