गंजलेली जिप्सी आणि कोला-लांबीचे उपाय

पावसाळा तोंडावर आला की जुन्या जिप्सी-जीपवाल्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: गंजावर कोला ओता, कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) मारा, भोकं लांबीने (पत्र्यावर भरायच्या पुटीने) बुजवा, खालून जळकं ऑइल किंवा डांबरी कोटिंग फासा. पत्रा कापायला सांगणारा गॅरेजवाला लुटतोय.

कोला: त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, पण नावापुरतं. नटबोल्ट रात्रभर बुडवलेत तर उजळतील. उभ्या दरवाज्यावर तो टिकणार किती? मागे उरते साखर.

कन्व्हर्टर: हा खोटा नाही. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वरवरच्या गंजाचं त्यापेक्षा स्थिर संयुग करतं. अट एवढीच, की ते गंजापर्यंत पोचायला हवं. जिप्सी सडते ती बहुतेकदा आतून. दरवाज्याच्या तळाची निचऱ्याची भोकं चिखलाने बुजतात, मॅटखाली पाणी मुरतं, दोन पत्र्यांच्या जोडात ओल अडकते. बाहेर रंगाला फुगा येईपर्यंत आतली बाजू गेलेली असते. फुग्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आरपार गेलं, तर बाटली बाजूला ठेवा.

लांबी: अख्ख्या मेसेजमधला सर्वांत वाईट सल्ला. पॉलिएस्टर लांबी ओलावा शोषते. ती दोन-तीन मिलिमीटरचा खोलगटपणा भरायला असते, भोक बुजवायला नाही. मागे जाळी लावली तरी फ्लोअरला ताकद येत नाही. आणि ते भोक सीटबेल्टच्या बोल्टजवळ असेल तर हा खेळ जिवावरचा आहे. कुजका भाग खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापायचा. त्याच जाडीचा तुकडा अंतराअंतराने टाके घेत वेल्ड करायचा, कारण सलग वेल्ड मारली की पातळ पत्रा तापून वाकतो. मग ग्राइंडिंग, एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर. लांबीचा पातळ हात त्यानंतर. (बॅटरीची वायर आधी काढा. जवळ पेट्रोलची टाकी असेल तर तीही उतरवा.)

जळकं ऑइल, डांबर: ऑइलने रबरी बुश (सांध्यांतली रबरी कडी) फुगतात, धूळ चिकटते, आणि पुढे तिथे वेल्डिंग निघालं तर आग लागते. डांबरी कोटिंग स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर उत्तम. गंजावर फासलं की ओल आत कोंडते. मुंबईत त्या ओलीत मीठही असतं. मिठाने पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंज वेग धरतो. म्हणून वरळीला भरतीचे तुषार अंगावर घेतलेली किंवा किनाऱ्यावर फिरवलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी, आणि वाळल्यावर शासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आत फवारायचं मेण, मारावं.

गॅरेजवाला लुटतो: काही लुटतातही. कापलेला तुकडा मागून घ्या. प्रायमर मारण्याआधी पॅच स्वतः बघा, खालून टॉर्च मारून. जुन्या गंजावरच नवा पत्रा ठोकलेला दिसला, तर रंगाचे पैसे देऊ नका.