मगर, महाल आणि शेवउसळ वगळून

बडोद्यात व्हिडिओ चॅनेल काढायचं म्हटलं की पहिले तीन विषय विचार न करताच ठरतात: लक्ष्मीविलास पॅलेस, शेवउसळ आणि विश्वामित्री नदीतली मगर. हाल सुरू होतात ते चौथ्यापासून. चौथा सुचेपर्यंत निम्मी चॅनेलं झोपतात. उरलेली पुन्हा शेवउसळीकडे वळतात, या खेपेला ‘बडोद्याची सर्वांत तिखट शेवउसळ’ असं नाव देऊन.

या तिन्ही विषयांत वाईट काही नाही. पण ते सगळ्यांनी केलेत आणि एकाच साच्यात केलेत. पॅलेस 1890 साली पुरा झाला, मेजर मँटने आखला, चिझमने तडीस नेला आणि तो ‘बकिंगहॅमच्या चौपट’ आहे, हे प्रत्येक व्हिडिओत येतं. टेप घेऊन लंडनला मोजायला कोण गेलं होतं, ते एकाही व्हिडिओत येत नाही. आत चित्रीकरण चालत नाही, त्यामुळे सगळ्यांकडे तोच दर्शनी भाग असतो, आणि आतल्या राजा रविवर्म्यांच्या चित्रांचं वर्णन बाहेर हिरवळीवर उभं राहून हातवाऱ्यांनी होतं. मग कुणाला तरी ड्रोन सुचतो. बडोद्याचा विमानतळ हरणीला, म्हणजे गावातच. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. लाल क्षेत्रात परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही, आणि 250 ग्रॅमच्या आतल्या खेळण्यालाही त्यातून सूट नाही.

मगरीचा प्रश्न वेगळाच. ती हलतच नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी उन्हं वर आली की काठावर येते, जबडा उघडते आणि तशीच पडून राहते. रागावलेली नसते, अंगातली उष्णता आवरत असते. बघणाऱ्याला मात्र वाटतं की लाकडाचा ओंडका दाखवून आपल्याला फसवताहेत. पुलावरून चित्रीकरण करायचं तर कठड्यावर कोपर टेकू नका. बस गेली की कठडा थरथरतो आणि झूममध्ये ती थरथर कितीतरी पट मोठी दिसते. कोपरं बरगड्यांशी घट्ट धरून उभं राहावं, आणि फोनच्या दुर्बीण-भिंगाचा (टेलिफोटोचा) खरा झूम असेल तेवढाच घ्यावा. त्यापुढे मगर चौकोनी होते. पावसाळ्यात ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली तर व्हिडिओचा विचार सोडा आणि वनखात्याला कळवा. वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे. तिला डिवचून मिळवलेल्या व्ह्यूजचा हिशोब कोर्टात द्यावा लागू शकतो.

विषय सुचवणाऱ्यांना मात्र तोटा नाही. दांडिया बाजारातले काका म्हणतात, “कमाटीबाग कर.” मावशी म्हणतात, “आमच्या सोसायटीचा गणपती कर, यंदा देखावा छान आहे.” ‘आपल्या शहराकडे पर्यटकाच्या नजरेनं बघा’ हा सल्लाही जिकडेतिकडे मिळतो. माझ्या मते हाच सगळ्यांत कुचकामी. पर्यटकाला बडोद्यात दिसतं काय? पॅलेस, शेवउसळ आणि नशीब असेल तर मगर.

त्यापेक्षा अडलेल्या माणसाच्या नजरेनं बघावं. विषय म्हणून जागेचं नाव लिहू नका, प्रश्न लिहा. ‘कमाटीबाग’ हा विषयच नव्हे. ‘कमाटीबागेत देवमासा कसा?’ हा विषय आहे. तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, 70 फुटांच्या घरातला. समोर उभं राहून टिपायला गेलात तर तो चौकटीत मावत नाही; रुंद भिंग लावलं तर दोन्ही टोकांना केळ्यासारखा वाकतो. शेपटीपासून निघावं, फोन छातीशी धरून सेकंदाला एक फूट या चालीनं डोक्यापर्यंत जावं. सव्वा मिनिटाच्या आत अख्खा मासा येतो आणि त्याची लांबी तोंडानं सांगावी लागत नाही. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट आहे का, हे आधी खिडकीवर विचारा. आत शिरल्यावर विचारलं की उत्तर महागात पडतं.

प्रश्न सापडला की दुसरी परीक्षा: दाखवायला काय आहे? इथे भलेभले विषय आपटतात. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची अरुंद रुळांची रेल्वे 1862 साली सुरू झाली, तेव्हा डबे बैल ओढत होते. ऐकायला झकास, पण दाखवायला आज ना बैल, ना ते डबे. अशा वेळी जुने फोटो सरकवत त्यावर बासरी वाजवायची प्रथा आहे. तसं करण्यापेक्षा गच्चीवर खडूनं चार रेघा ओढा. दोन 762 मिलिमीटर अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर. दोन 1676 मिलिमीटरवर, म्हणजे आजच्या ब्रॉडगेजइतक्या. अरुंद जोडीत माणूस पाय फाकून उभा राहतो, रुंद जोडीत त्याला आडवं निजता येतं. बैल का पुरले असतील, ते बघणाऱ्याला आपोआप कळतं.

आणि खरोखर हलणारं काही हवं असेल तर संखेड्याला जा. बडोद्याहून दीड तासाच्या आत पोचता, आणि तिथलं लाखकामाचं फर्निचर ज्या घरात नाही असं जुनं बडोदेकर घर सापडणं कठीण. सागाचं लाकूड चरकावर (लेथवर) फिरतं, कारागीर पटाशी टेकवतो आणि चौकोनी तुकड्याचा डोळ्यांदेखत झोपाळ्याचा दांडा होतो. मग रंग, त्यावर बारीक कुंचल्यानं कथिलाच्या रंगाची रुपेरी वेलबुट्टी, ती अकीकाच्या दगडानं घासून चकचकीत करायची. शेवटी लाख. फिरत्या लाकडाला उष्णता देऊन लाख टेकवली की ती वितळून पसरते, आणि खालचं रुपेरी काम सोनेरी दिसू लागतं. वरून केवड्याचं पान फिरवतात. रुपेरीचं सोनेरी होतं तेवढे काही क्षण म्हणजे तुमचा व्हिडिओ. बाकी सगळी वाट बघणं.

तिथे चुकतं काय, तर ट्यूबलाइट. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, फोनला कळतं, आणि चित्रभर काळे पट्टे सरकत राहतात. फोन ‘प्रो’ पद्धतीवर टाकून शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद करा, पट्टे जातात. स्लो मोशन घ्यायचं असेल तर दिवे बंद करायला लावून सामान दाराशी उन्हात आणा. स्लो मोशनला सेकंदाला 120 चौकटी लागतात, त्यामुळे शटर 1/120 हून मंद ठेवताच येत नाही आणि दिव्याखाली पट्टे पुन्हा येतात. चरकाच्या आवाजात बोलू नका. नुसता तो आवाज अर्धा मिनिट वेगळा ध्वनिमुद्रित करा आणि निवेदन घरी, कपाटातल्या कपड्यांत तोंड खुपसून करा. विनोद नाही, साड्या प्रतिध्वनी खातात. भुसा उडतो, म्हणून भिंग चष्म्याच्या कापडानं पुसा, अंगठ्यानं नको. आणि कारागिराचे पैसे बुडतील इतका वेळ त्याला ‘पुन्हा एकदा करा ना’ म्हणू नका.

हाच शटरचा नियम शेवउसळीलाही लागू. करायचीच असेल तर रात्रीच्या गाडीवर हेच पट्टे येतात. शेव मिनिटभरात मऊ पडते. कॅमेरा लावून, फोकस जुळवून झाल्यावरच ती घालायला सांगा. वाफेनं भिंग धुरकटतं, तेव्हा वरून न घेता बाजूनं घ्या.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं, हे दोन्ही विषय सोन्यासारखे. पण खोल्या अंधाऱ्या. तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. अशा जागी कॅमेऱ्याच्या तिपाईला (ट्रायपॉडला) परवानगी लागते आणि पहारेकऱ्याची नजर बरोबर तिपाईवरच असते. भिंतीला पाठ टेकून श्वास धरा, दहा-दहा सेकंदांचे तुकडे घ्या. चांपानेरला हाच नियम. 2004 पासून जागतिक वारसा असूनही आपले लोक वाटेत चहा घेऊन थेट पावागढच्या रोपवेला लागतात, त्यामुळे तिथल्या मशिदी सकाळी मोकळ्या मिळतात.

नवरात्राबद्दल मात्र हात जोडून सांगणं आहे. हजारो माणसं गोल फिरताहेत, असं दृश्य दुसरीकडे मिळणार नाही हे कबूल. पण मागे गाणं चालू असतं, ते कुणाच्या तरी मालकीचं असतं, आणि व्हिडिओ चढवला की हक्काचा दावा येऊन कमाई त्यांच्याकडे वळते. मंचावर प्रत्यक्ष कुणी गात असलं तरी चाल ओळखीची असली की झालं. गरब्याच्या आधीची दुपार घ्या: चणिया-चोळीला आरसे लावणारे हात, मैदानावर पाणी मारणारा टँकर. टँकरवर अजून कुणाचा हक्क नाही.

भाषेचं विचाराल, तर मराठीत बोललात की पुण्याहून शुद्धलेखन येतं आणि गुजरातीत बोललात की शेजारून. मराठीतच बोला. शीर्षकात बडोदा लिहा, खालच्या वर्णनात वडोदरा. लोक दोन्ही शोधतात.

आता पैसे. लांब व्हिडिओंच्या वाटेनं यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सदस्य आणि 12 महिन्यांत 4000 तास बघितलं जाणं लागतं. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्यात धरत नाहीत. सदस्यांचं एक जमतं, एका लग्नाचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप पुरतात. तासांचं गणित वाईट: माणूस सरासरी चार मिनिटं थांबला तर 60,000 वेळा कुणीतरी बघायला हवं. एवढे प्रेक्षक नुसत्या बडोद्यात शोधू नयेत. म्हणून संखेड्याच्या व्हिडिओचं नाव ‘संखेडा’ ठेवू नका, ‘झोपाळ्याचा दांडा सोनेरी कसा होतो’ ठेवा. झोपाळा सांगलीतही असतो.