चोवीस तासांत घर ‘छापून’ मिळतं? एका फॉरवर्डचा हिशेब

घरांच्या किमतींवर ग्रुपमध्ये बोलणं निघालं की एक फॉरवर्ड हमखास येतो. व्हिडिओत यंत्राचा हात फिरत असतो, नोझलमधून ओलं काँक्रीट सोऱ्यातल्या चकलीसारखं बाहेर पडतं, थरावर थर चढत भिंत उभी राहते. खाली मजकूर: ‘थ्रीडी प्रिंटरने २४ तासांत घर. खर्च फक्त चार लाख. गवंडी नको, सेंट्रिंग नको, लोखंड नको. पर्यावरणपूरक, शंभर वर्षं टिकणारं. बिल्डर आणि सिमेंटवाले हे तंत्र दाबून ठेवतात.’ शब्द इकडचे तिकडे होतात, चार लाखांचे कधी तीन होतात, गाभा तोच.

व्हिडिओ सहसा खरा असतो. तंत्रही खरं आहे आणि मला ते आवडतं. घोळ मजकुरात आहे, कारण तो भिंतीला घर म्हणतो. एकेक दावा घेऊ.

‘२४ तासांत घर’

२०१४ मध्ये शांघायच्या विन्सन कंपनीने एका दिवसात दहा घरं उभारल्याची बातमी जगभर फिरली. तिथे भाग कारखान्यात छापून जागेवर जोडले होते. नंतर मॉस्कोजवळच्या स्तुपिनो गावात अपिस कोर कंपनीने ३८ चौरस मीटरचं छोटं गोल घर जागेवरच छापलं. ‘२४ तास’ हा आकडा आज जो चिकटलाय, तो मुख्यतः इथला. पण ते यंत्र चालू असण्याचे एकूण तास होते. छप्पर, खिडक्या, उष्णतारोधक थर, रंग ही सगळी कामं माणसांनी नंतर केली. आफ्रिकेत मलावीतल्या सालिमा जिल्ह्यात २०२१ मध्ये एक शाळा छापली, तिचे १८ तास गाजले. तेही भिंतींचेच.

आपल्याकडचे आकडे बघा. एल अँड टीने कांचीपुरमला २०२० मध्ये ७०० चौरस फुटांची, तळमजला अधिक एक मजल्याची इमारत छापली: छपाईचा वेळ १०६ तास. बेंगळुरूच्या हलसुरू भागातलं टपाल कार्यालय, १,०२१ चौरस फूट, २०२३ मध्ये ४३ दिवसांत पूर्ण झालं. अहमदाबाद छावणीत लष्कराच्या बांधकाम विभागाने २०२२ च्या अखेरीस दाखवलेल्या ७१ चौरस मीटरच्या घराला १२ आठवडे लागले. नेहमीच्या पद्धतीने टपाल कार्यालयाला सहा-आठ महिने लागले असते, असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे वेळ वाचतो, आणि चांगलाच वाचतो. पण ४३ दिवस आणि एक दिवस यांत फरक आहे.

आणि साइटवर थोडा काळ घालवलेल्या कुणालाही माहीत असतं की घर रखडतं ते भिंतींपाशी नाही. काळ्या जमिनीत पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. स्लॅबचं क्युरिंग (पाणी मारून मुरवणं), प्लंबिंग, टाइल्स, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, आणि सगळ्यात जास्त दिवस खाणारी गोष्ट म्हणजे पुढच्या हप्त्याचे पैसे. प्रिंटर यातलं सहसा काही छापत नाही.

‘खर्च फक्त चार लाख’

हा आकडा अमेरिकेतून आला असावा. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात आयकॉन कंपनीने २०१८ मध्ये ३५० चौरस फुटांचं नमुना घर दाखवलं. त्याचा खर्च सुमारे १० हजार डॉलर सांगितला, पुढे तो ४ हजारांवर आणू म्हणाले. आजच्या दराने चार हजार डॉलर म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास. आपला ‘चार लाख’ जन्मला असावा तो असा, एका कंपनीच्या उद्दिष्टातून, आणि त्या १० हजारांत धरला होता फक्त छापलेला भाग. याच आयकॉनने पुढे लेनार या बड्या बिल्डरबरोबर ऑस्टिनजवळ जॉर्जटाउनला १०० छापील घरांची वसाहत केली. तिथली घरं विकायला निघाली साधारण साडेचार ते सहा लाख डॉलरला. हे फॉरवर्डमध्ये येत नाही.

हलसुरूच्या टपाल कार्यालयाचा खर्च २३ लाख रुपये सांगितला गेला. भागाकार करा, चौरस फुटाला सव्वादोन हजार निघतात. नेहमीच्या खर्चापेक्षा हे ३०-४० टक्के कमी, असा दावा होता. सरकारी बांधकामाच्या दरांशी तुलना केली तर तसं असेलही. पण तालुक्याच्या गावात आज साधं आरसीसी घर बांधणाऱ्याला या दरात नवल वाटणार नाही.

आता मुळाशी जाऊ. ६०० चौरस फुटांचं घर धरा, २० बाय ३०. बाहेरच्या भिंती १०० फूट, आतल्या ५० फूट, उंची १०. बाहेर नऊ इंची आणि आत साडेचार इंची वीटकाम धरून, दारं-खिडक्या वजा केल्या तर साधारण आठ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वीटकाम होतं. विटा, वाळू, सिमेंट, मजुरी मिळून ब्रासला वीस हजार धरले तर एक लाख साठ हजार. घराचा एकूण खर्च चौरस फुटाला १,८०० प्रमाणे दहा लाख ऐंशी हजार. भिंतींचा वाटा आला जेमतेम १५ टक्के. दर गावागणिक बदलतील, हिशेबाचं रूप बदलणार नाही. उद्या कुणी भिंती फुकट छापून दिल्या तरी हे घर नऊ लाखांच्या पुढेच राहील. आतलं प्लास्टर वाचवलं तर आणखी एखादा लाख. पण छापील भिंतीच्या वळ्या किती जणांना घरात चालतील? त्यांवर धूळ बसते, कपाट भिंतीला टेकत नाही. बरेच जण पुन्हा प्लास्टरच करून घेतील.

शिवाय फुकट तर काहीच नाही. युरोप-अमेरिकेत गवंड्याची मजुरी इतकी महाग आहे की यंत्राने चार माणसं कमी केली तरी मोठी बचत होते. आपल्याकडे गवंड्याची दिवसाची मजुरी हजाराच्या आसपास. कोट्यवधींचं यंत्र, ते चालवणारा प्रशिक्षित माणूस, खास मिश्रण, ट्रकभाडं, जनरेटर हे सगळं त्या हजारांशी स्पर्धा करतं. मुंबई-पुण्यात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे फ्लॅटच्या किमतीत जमीन आणि एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) बोलतात, आणि टॉवरमध्ये विटेची जागा कधीच मिव्हानने घेतलीय. अॅल्युमिनियमच्या त्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओतले जातात, आठ-दहा दिवसांत मजला चढतो. छपाईची खरी शर्यत विटेशी नाही, मिव्हानशी आहे, आणि वीस मजली इमारतीत ती सुरूही झालेली नाही.

‘लोखंड नको’

बाकीचे दावे अतिशयोक्त आहेत, हा धोकादायक आहे.

काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. म्हणून लोखंड घालतात. छापील भिंतीत आणखी एक अडचण: ती एकसंध ओतलेली नसते, थरांची असते. खालचा थर जास्त सुकल्यावर वरचा आला तर दोघांची पकड कमजोर राहते. नोझल तुंबली, वीज गेली, पाऊस आला आणि काम अर्धा-पाऊण तास थांबलं, की नेमकी तिथे एक आडवी कमकुवत रेघ तयार होते. भूकंपात भिंतीला आडवा धक्का बसतो, आणि असा धक्का भिंतीतली सगळ्यात कमजोर रेघ आधी शोधतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगावी लागत नाही. किल्लारी-सास्तूर भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या भिंती दोन-दोन फूट जाड होत्या. त्यांना बांधून ठेवणारं काही नव्हतं, कोपरे सुटले आणि भिंती उघडल्या. त्यानंतरच्या बांधकामात प्लिंथ (जोतं), लिंटेल (दार-खिडकीची वरची कड) आणि छपराच्या पातळीवर आरसीसीचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, यांवर भर आला तो या किमतीवर. ‘लोखंड नको’ म्हणणारा फॉरवर्ड त्याच मराठवाड्यातल्या ग्रुपवर फिरतो, याचा मला खरंच राग येतो.

छापणाऱ्या जबाबदार कंपन्या असं म्हणतही नाहीत. कांचीपुरमच्या इमारतीत उभ्या सळ्या आणि आडव्या जाळ्या घातल्या होत्या. सर्वसाधारण रीत अशी की भिंत पोकळ छापायची, दोन पापुद्रे आणि मध्ये नागमोडी जोड, मग पोकळीत सळ्या सोडून काँक्रीट भरायचं. व्हिडिओत ही सळ्या सोडणारी माणसं दिसत नाहीत कारण तो भाग बघायला रटाळ असतो.

‘गवंडी नको, सेंट्रिंग नको’

भिंतीपुरतं सेंट्रिंग नको, मान्य. हा या तंत्राचा खरा फायदा आहे: साचा नसल्याने गोल, नागमोडी, हव्या त्या आकाराची भिंत त्याच खर्चात होते. स्लॅब मात्र हवेत छापता येत नाही. कांचीपुरमला स्लॅब सोडून बाकीचा सांगाडा जागेवर छापला होता. अहमदाबादला स्लॅबही छापील होते, ते एक वेगळं कौशल्य आहे. बाकी सगळीकडे फिटर, सुतार, बिगारी लागतातच, आणि मिश्रणाच्या टाकीपाशी उभं राहून त्याचा घट्टपणा बघणारा माणूसही. तो चुकला की वरचे थर खालच्यांना दाबून बसवतात.

‘पर्यावरणपूरक’

नोझलमधून जाड खडी जात नाही. म्हणून छपाईचं मिश्रण बारीक असतं आणि त्यात सिमेंटसारखे बांधणारे पदार्थ जास्त लागतात. नेहमीच्या एम-२० काँक्रीटमध्ये घनमीटरला सव्वातीनशे किलोच्या आसपास सिमेंट पडतं. छपाईच्या अनेक मिश्रणांत बांधणाऱ्या पदार्थांचं प्रमाण पाचशे किलोच्या वर जातं. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा असतो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. फ्लाय अॅश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळून तो कमी करता येतो, पोकळ भिंतीत मालही कमी जातो. हिशेब प्रत्येक घराचा वेगळा निघेल. सरसकट ‘ग्रीन’चा शिक्का मारायला आधार नाही. इटलीत रॅव्हेनाजवळ वास्प कंपनीने २०२१ मध्ये स्थानिक मातीचं घर छापलं, त्याला मी पर्यावरणपूरक म्हणेन. ते कोकणातल्या पावसात किती टिकेल, हा पुन्हा निराळा प्रश्न.

साच्याबाहेरच जन्मलेली ही भिंत सगळ्या बाजूंनी उघडी असते, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. विदर्भात मे महिन्यात छापायचं तर क्युरिंगकडे दुप्पट लक्ष हवं, नाहीतर बारीक भेगा ठरलेल्या.

‘शंभर वर्षं टिकतं’

जगातली सगळ्यात जुनी छापील घरंही अजून पंधरा वर्षांची नाहीत. शंभराचा अनुभव कुणाकडेच नाही. अमेरिकेत आयोवातल्या मस्कटीन इथे २०२३ मध्ये छापायला घेतलेलं एक घर पाडावं लागलं, कारण काँक्रीटने ठरलेली ताकद गाठली नाही. तपासून पाडलं, हे चांगलंच केलं.

‘रांचीत सरकारने हजार घरं छापली’

ही पुरवणी अधूनमधून जोडलेली दिसते. केंद्राच्या लाइटहाउस प्रकल्पात १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत प्रत्येकी हजारेक घरांची पायाभरणी झाली. रांचीची पद्धत होती ‘थ्रीडी व्हॉल्युमेट्रिक प्रीकास्ट’: कारखान्यात अख्ख्या खोल्यांचे ठोकळे ओतायचे आणि क्रेनने एकमेकांवर रचायचे. नावात थ्रीडी आलं, लोकांनी प्रिंटर आणला. सहांपैकी एकाही शहरात घरं छापलेली नाहीत. बारा महिन्यांचं लक्ष्यही गाठलं गेलं नाही.

‘बिल्डर आणि सिमेंटवाले दाबतात’

दाबणारे कोण, बघा. आपल्याकडे सगळ्यात ठळक छपाई एल अँड टीची. जॉर्जटाउनची वसाहत लेनारची, ती अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या गृहनिर्माण कंपन्यांपैकी एक. मलावीची शाळा ज्या कंपनीने छापली तिच्यामागे होल्सिम हा सिमेंट उद्योगातला महाकाय समूह. त्यांनी का दाबावं? जास्त सिमेंट खाणारी पद्धत सिमेंटवाल्याला नकोशी कशी होईल?

दाबून नाही, गणित न जुळल्याने गोष्टी मागे राहतात, आणि हे आधीही झालंय. थॉमस एडिसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्खं काँक्रीटचं घर एकाच ओतकामात उभं करायची कल्पना मांडली. १२०० डॉलरला घर मिळेल म्हणाला. १९०८ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९१७ मध्ये ते मिळालं. न्यू जर्सीत अशी मोजकी घरं झाली, त्यांतली काही आजही उभी आहेत. पण लोखंडी साचे इतके महाग आणि सुट्या भागांचे होते की शेकडो घरं एका जागी ओतल्याशिवाय ते परवडेनात. एडिसनपेक्षा मोठं नाव आणि जास्त प्रसिद्धी कुणाला मिळणार होती?

प्रिंटरचं गणितही तसंच आहे, म्हणून ‘घरकुलं प्रिंटरने का बांधत नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर कटात शोधू नका. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या निकषाप्रमाणे १ लाख २० हजार मिळतात. लाभार्थी एका वाडीत एक, दुसऱ्या पाड्यावर दोन असे विखुरलेले. घरचीच माणसं राबतात, वीट-वाळू ओळखीने येते. तिथे सपाट, बळकट जागा मागणारं अजस्र यंत्र ट्रेलरवरून न्यायचं आणि २५ चौरस मीटरच्या भिंती छापून पुढच्या पाड्यावर हलवायचं, तर अर्धी रक्कम यंत्राच्या प्रवासातच संपेल. एका ठिकाणी दोनशे सारखी घरं असतील, किंवा सीमेवर गवंडी मिळत नाही अशी जागा असेल, किंवा पुरानंतर महिन्याभरात निवारा हवा असेल, तर प्रिंटरला बोलवा. आणि कुणी तुमच्या प्लॉटवर चार लाखांत घर छापून देतो म्हणालाच, तर त्याच्याकडून पाया, स्लॅब आणि सळ्यांचं वजन वेगवेगळं लिहिलेलं कोटेशन मागा.