मैदानात परत खडी!

दरवर्षी तेच. पावसाळा संपतो, चिखल वाळतो, पोरं दगड वेचून, पाणी मारून, चुन्याच्या रेषा आखून कबड्डीचं मैदान तयार करतात आणि लगेच कुठल्यातरी रस्त्याच्या कामाची खडी न् डांबराची पिंपं तिथेच येऊन पडतात! अरे, अख्ख्या शहरात दुसरी जागाच नाही का? कबड्डीला लागतं किती, पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, बायकांचं तर १२ बाय ८. तेवढंही मोकळं ठेवता येत नाही?? वर खडी उचलली तरी बारीक कच त्या लाल मातीत रुतून राहते, परवा शेजारची पोरगी खेळताना बोनसचा जादा गुण घ्यायला गेली आणि घसरली, ढोपर पार सोलवटलं, रक्तात कच चिकटलेली. आता आई तिला पाठवत नाही. जीव जळतो हो! मुलींची कबड्डी २०१० पासून एशियन गेम्समध्ये आहे, आणि आमच्या कोकणात, जिथे वाडीवाडीत संघ आहेत, तिथे पोरींनी सराव करायचा कुठे? रस्ते हवेतच, नाही कोण म्हणतंय, पण ठेकेदाराने सामान कुठे ठेवायचं ते टेंडरमध्येच लिहा ना. आणि ही आत्ता पडलेली खडी शिमग्याच्या आधी उचला, कच झाडून.